सुध्या, अण्णांसाठी वाचशील का?

ठाणे, नौपाडा

प्रिय सुध्या,

उशीर झाला, हव्या तेवढ्या शिव्या घाल. माझं बीपी ठीक, आईचे गुडघे तसेच.

परवा अण्णा एकदम म्हणाले, "सुध्या असता तर वाचून दाखवलं असतं." म्हणून लिहायला बसलो. मॅक्युलाच्या, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाच्या, आजाराने त्यांची मधली नजर गेली, कडेची राहिली. समोर बसलो तर माझे कान दिसतात, चेहरा नाही. रोज मराठी ग्रंथसंग्रहालयात जाणारा माणूस आता पेपर घडी घालून उशाशी ठेवून देतो. बघवत नाही रे.

मोबाईलवर टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारी सोय, लावून दिलंय. एकदा बोट टेकवलं की नाव ऐकू येतं, दोनदा टकटक केली की उघडतं. ते जमलं. रड आहे ती पुस्तकांची. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे नुसता फोटो, त्यातली अक्षरं आधी ओसीआरने, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने, काढावी लागतात. छपाईसाठी केलेल्या जुन्या डीटीपीच्या फाइली युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षरसंकेतात, नाहीत. पडद्यावर शुद्ध मराठी, ऐकायला भलताच काला. ऑडिओबुकांच्या स्टोरीटेल अ‍ॅपवर माणसांच्या आवाजात बरंच मराठी आहे, पण अण्णांची जुनी वैचारिक पुस्तकं सापडेनात.

शिवाय त्यांचं म्हणणं, ऐकताना मागचं पान उलटता येत नाही. पण डेझी नावाच्या बोलक्या पुस्तकांच्या पद्धतीच्या रेकॉर्डिंगमध्ये प्रकरणावर, पानावर उडी मारता येते. तलावपाळीवर तू भांडला होतास ना, ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे म्हणून? ये आणि अण्णांसमोर बोलून दाखव!

२०१६ साली सुरू झालेल्या सुगम्य पुस्तकालयात, म्हणजे नजर अधू असलेल्यांसाठीच्या ऑनलाइन वाचनालयात, त्यांचं नाव घालतोय. पण ती निळ्या बांधणीची प्रत कुठून मिळणार, जिच्या समासात त्यांनी पेन्सिलीने "साफ चूक" लिहिलंय आणि खाली तू "का?" असं खरडलंयस? ते भांडण कुठलंही यंत्र वाचणार नाही. २०१२च्या दुरुस्तीपासून कॉपीराइट कायद्यात अशा वाचकांसाठी ऐकण्याजोगी प्रत काढायला मुभा आहे, त्यातून नफा कमवायचा नाही एवढंच. तू वाच. समासासकट. एकेका प्रकरणाची वेगळी फाइल कर, सुरुवातीला पान क्रमांक सांग, आणि घाई करू नकोस, तुझी ती गाडी पकडायची सवय आहे.

धाकटीच्या दहावीचं काय झालं? बदली रद्द झाली का? वहिनींना नमस्कार.

पुस्तक उद्या कुरिअरने पाठवतो. पहिलं प्रकरण झालं की लगेच धाड, बाकीचं सावकाश.

तुझा,
दिल्या