लाल दिवा फक्त धुक्यात कशाला?

मा. श्री. राममोहन नायडू,
केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्री, नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

८ जून २०२४ रोजी इंदूरहून गेलेलं विमान मुंबईला उतरलं, तेव्हा त्याच धावपट्टीवर दुसरं विमान उड्डाणासाठी धावत होतं. माझी मुलगी वैमानिक आहे. तो व्हिडिओ मला शेवटपर्यंत पाहवला नाही. नंतर विमानांना परवानग्या देणाऱ्या हवाई वाहतूक नियंत्रकाला ड्युटीवरून दूर केलं गेलं. चौकशीपुरतं ते ठीक, पण त्याच खुर्चीत उद्या दुसरा दमलेला माणूस बसेल, त्याचं काय?

त्याच वर्षी २ जानेवारीला टोकियोच्या हानेदा विमानतळावर काय झालं ते आठवावं. तटरक्षक दलाच्या विमानाला धावपट्टीच्या अलीकडे थांबायला सांगताना नियंत्रक ‘तुमचा पहिला नंबर’ असंही म्हणाला. वैमानिकाला वाटलं, परवानगी मिळाली. ते विमान आत जाऊन सुमारे ४० सेकंद उभं राहिलं आणि उतरणारं प्रवासी विमान त्याच्यावर आदळलं. प्रवासी विमानातले सर्व ३७९ जण वाचले, तटरक्षक दलाचे ५ जण गेले. नियंत्रकाच्या पडद्यावर इशारा उमटला होता, तो पाहिला गेला नाही. त्या वाटेवरची लाल दिव्यांची आडवी रांग, म्हणजे स्टॉप बार, दुरुस्तीसाठी बंद होती. चालू असती तरी स्वच्छ हवेत ती लावायची पद्धतच नव्हती!

माझी मागणी इथेच आहे. स्टॉप बार चोवीस तास पेटता हवा, परवानगी मिळाल्यावरच विझावा. ऐकण्यात चूक झाली तरी समोरचा लाल दिवा थांबवील.

मुलगी सांगते, टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवरून चालवत नेताना, एका वैमानिकाचे डोळे बाहेर, दुसऱ्याचे चेकलिस्टवर, रेडिओवर चार आवाज. पावसाळी रात्री ओल्या डांबरावर दिवे चमकतात आणि जिथे थांबायचं त्या पिवळ्या रेघाच दिसेनाशा होतात. आमच्या इंदूरला धावपट्टी एकच. तिच्यावर जेट विमानं उतरतात आणि फ्लाइंग क्लबची शिकाऊ पोरंही. त्या पोरांसाठी तरी हे करा.

आणखी एक. चुकून रेघ ओलांडली, हे स्वतःहून सांगणाऱ्याला शिक्षा नको. नोकरीच्या भीतीने माणसं गप्प बसतात.

कोणत्या विमानतळावर, धावपट्टीच्या कोणत्या तोंडाशी स्टॉप बार आहे आणि तो किती दिवस बंद होता, हे दर महिन्याला जाहीर करावं. सुरुवात अहिल्याबाईंच्या नावाच्या आमच्या विमानतळापासून व्हावी, ही विनंती.

आपली,
एका वैमानिक मुलीची आई
रामबाग, इंदूर