अकरावीतच ओळखा, पेपरच्या आदल्या दिवशी नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विद्यापीठाच्या परीक्षा तोंडावर आल्या की तालुक्याच्या गावच्या महाविद्यालयांत लेखनिकासाठी धावपळ सुरू होते. पेपर परवावर आलेला असतो, प्रमाणपत्र नसते, आणि कार्यालय 'आता काही होत नाही' म्हणून अर्ज परत करते. अध्ययन अक्षमता म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन किंवा गणितात येणारी मुळातली अडचण. ती असलेल्या विद्यार्थ्याचे वर्ष असे वाया जाते. पण ही अक्षमता काही बी.ए., बी.एस्सी.ला आल्यावर सुरू होत नाही. ती लहानपणापासूनच असते, फक्त शाळेत 'ढ' म्हणून झाकली गेलेली असते. म्हणून आमचे सांगणे एवढेच आहे की कनिष्ठ महाविद्यालयांनी अकरावीच्या पहिल्या सत्रात, ऑगस्ट-सप्टेंबरात, चाळणी म्हणजे प्राथमिक तपासणी करावी.

अकरावीच का? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांची तपासणी 18 वर्षांपर्यंतच होते. अकरावीचे पोर सोळा-सतराचे असते, तेव्हा या कार्यक्रमाच्या पथकाने पाठवले तर ते जिल्ह्याच्या ठिकाणी तपासले जाते. पदवीच्या पहिल्या वर्षात आले की ती वाट बंद होते. दुसरे कारण, अध्ययन अक्षमता ठरवण्यासाठी आपल्याकडे सर्वाधिक वापरली जाणारी निम्हान्सची (बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेची) चाचणी मुळात लहान मुलांसाठी बेतलेली आहे. वय वाढते तशी मुले पाठांतराने, अंदाजाने, मित्राच्या वहीवरून वेळ मारून न्यायला शिकतात आणि चाचणीत अडचण पुरती दिसत नाही. अशा वेळी जुन्या वह्या हाच पुरावा असतो, आणि पालकांनी त्या बहुधा रद्दीत घातलेल्या असतात. दहावीच्या वह्या फेकू नका, हे आम्ही पालकांना हात जोडून सांगतो.

ज्यांना शाळेतच प्रमाणपत्र मिळाले त्यांची अडचण निराळी आहे. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ही तपासणी 8, 14 आणि 18 या वयांत करायची असते आणि अठराव्या वर्षीचे प्रमाणपत्र कायमचे राहते. दहावीला सवलत मिळालेला विद्यार्थी बारावीत किंवा पदवीच्या पहिल्या वर्षात असतानाच अठरा पूर्ण करतो. फेरतपासणीचे त्याला कोणी सांगत नाही. परीक्षा विभाग जुना कागद नाकारतो आणि चांगला चाललेला विद्यार्थी अचानक बॅकमध्ये जातो. प्रवेश अर्जात 'दहावी-बारावीला परीक्षेत सवलत मिळाली होती का' हा एक रकाना वाढवला, तरी अशी पोरे जूनमध्येच सापडतील.

चाळणीला यंत्र लागत नाही, पण ती जपून करावी लागते. आधी साऱ्या वर्गाला मराठीत दहा ओळींचे श्रुतलेखन घाला. त्यातून जे पाच-सात विद्यार्थी वेगळे दिसतील, त्यांना एकेकटे बसवून चाळीस मिनिटे द्या. न शिकवलेल्या धड्यातला दीडशे शब्दांचा उतारा मोठ्याने वाचायला लावा. वेळ आणि चुका टिपा. मग तेवढ्याच कठीण दुसऱ्या उताऱ्याचे वाचन तुम्ही करा आणि त्यावर पाच प्रश्न तोंडी विचारा. शेवटी ओळखीच्या विषयावर पंधरा मिनिटे लिहायला सांगा आणि तोच विषय तोंडीही ऐका. हातच्याची वजाबाकी, शेकडेवारी अशी दहा गणिते वेगळी द्या.

पाहायची असते ती तफावत. प्राणिशास्त्राचा विद्यार्थी गुलाबी बोंडअळीचे अंडी, अळी, कोष, पतंग हे सारे चक्र, पऱ्हाटीच्या कोणत्या अवस्थेत ती बोंडात शिरते यासकट, धडाधड सांगतो आणि कागदावर तीन तुटक ओळी उतरतात. ही बुद्धीची कमतरता नव्हे. अशा विद्यार्थ्यांची बुद्धी साधारण किंवा त्याहून चांगली असते. अडतो तो अक्षराचा आवाजाशी सांधा, कार्यकारी स्मृती किंवा माहिती हाताळण्याचा वेग. कार्यकारी स्मृती म्हणजे डोक्यात क्षणभर धरून ठेवायची जागा. ती तोकडी असली की फळ्यावरचे वाक्य डोळ्यातून वहीवर येईस्तोवर अर्धे गळून जाते.

श्रुतलेखन तपासताना आपल्या भागात एक मोठी गल्लत होते. वऱ्हाडी घरातले पोर 'पाणी'चे 'पानी' आणि 'डोळा'चे 'डोया' लिहिते. ते घरची बोली लिहिते आहे, आणि दर वेळी तसेच लिहिते. याला अक्षमता म्हणू नये. अक्षमतेची चूक ठरावीक नसते. 'विद्यार्थी' हा शब्द एकाच पानावर 'विद्याथी', 'विदयार्थी' आणि 'वीद्यार्ती' असा तीन तऱ्हांनी आलेला दिसेल. रफार हरवतो, जोडाक्षर सुटे होते. उच्चार आधी व्यंजनाचा, पण लिहिताना पहिली वेलांटी आधी, तिथे हात अडखळतो. ध-घ, भ-म, थ-य यांची अदलाबदल कॉलेजात येऊनही गेलेली नसते. धारणीकडचे कोरकू, भामरागड-एटापल्लीकडचे माडिया किंवा गोंडी बोलणारे विद्यार्थी मराठीच दुसरी भाषा म्हणून शिकलेले असतात, त्यांच्या बाबतीत तर घाईने शिक्का मारूच नये. सारी चाचणी इंग्रजीत घेतली, तर मराठी माध्यमातली निम्मी मुले विनाकारण त्यात सापडतील.

पुढे पाठवण्याआधी डोळे आणि कान तपासून घ्या. कित्येकांचे काम नुसत्या चष्म्याने होते. पूर्व विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची चौकशी करायलाच हवी. एसएस असलेल्यांच्या, म्हणजे आईवडील दोघांकडूनही सिकलसेलचे जनुक आलेल्यांच्या, मेंदूत कधीकधी कोणालाही न कळता बारीक पक्षाघात होऊन गेलेले असतात आणि त्याने लक्ष आणि वेग मंदावतो. त्याचे उपचार वेगळे, आणि सिकलसेल आजार 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत स्वतंत्रपणे मोडतो. वारंवार दुखण्याने बुडालेले तास हा आणखी निराळा भाग झाला.

नागपूरला मेडिकल किंवा मेयो या शासकीय रुग्णालयांत जा, नाहीतर जिल्ह्याच्या रुग्णालयात, तपासणी एका फेरीत आटोपत नाही. बुद्ध्यांक चाचणी एका दिवशी, शैक्षणिक चाचणी दुसऱ्या दिवशी, मंडळाची बैठक आणखी तिसऱ्या. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, दोन-तीन जुन्या वह्या, चाचणी परीक्षेचे तपासलेले पेपर, शिक्षकांचे पत्र आणि चाळणीचा कागद पहिल्याच फेरीत सोबत न्यावा, म्हणजे एक हेलपाटा तरी वाचतो. हेलपाटा म्हणजे मजुराच्या घरातली दोन माणसांची रोजी बुडणे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडहून बाहेर पडताच येत नाही. तेव्हा जिल्हा शल्यचिकित्सकांनी मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक यांना घेऊन तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात वर्षातून दोन दिवसांचे शिबिर लावावे. आमच्या मते हा खर्च सगळ्यात आधी व्हायला हवा.

प्रमाणपत्रात 40 टक्के किंवा अधिक आले तर उच्च शिक्षणात 5 टक्के राखीव जागा आणि प्रवेशाच्या वयात 5 वर्षांची सूट मिळते. परीक्षेत तासाला 20 मिनिटे जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपराला एक तास. 40 टक्क्यांच्या खाली आले की बरेच पालक गप्प बसतात. तसे करू नका. 10 ऑगस्ट 2022 च्या केंद्राच्या सूचनांनी 40 टक्क्यांखालच्या, पण लिहिण्यात अडचण असलेल्यांनाही लेखनिक आणि जादा वेळ देऊ केला होता, मात्र त्यासाठी वैद्यकीय मंडळाचे ठरलेल्या नमुन्यातले वेगळे प्रमाणपत्र मागितले होते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये विकास कुमार प्रकरणात हे तत्त्व मान्य केले आहे. परीक्षा विभागातल्या बाबूंनी सध्या लागू असलेले परिपत्रक फाइलला लावून ठेवले तर निम्मे वाद मिटतील.

सवलत मंजूर होऊनही ती वाया जाते, याकडे आम्हाला विशेष लक्ष वेधायचे आहे. तोंडी सांगून लिहवून घेणे ही शिकायची गोष्ट आहे. ज्याने कधी तसे केलेच नाही तो पहिल्या पेपरात गोंधळतो. लेखनिकासोबत आधी निदान चार-पाच सराव पेपर व्हायला हवेत. लेखनिकाला विषयातल्या संज्ञा नीट ऐकू आणि लिहिता आल्या पाहिजेत. खोली वेगळी हवी. त्याच हॉलमध्ये बसवले की वेळ संपल्याची घंटा होते, सारे उठतात, पर्यवेक्षक उत्तरपत्रिका मागतो आणि जादा तास कागदावरच राहतो. दुपारचा पेपर साडेपाचला सुटत असेल, तर याचा साडेसहाला सुटेल आणि तोवर गावाची शेवटची एस.टी. निघून गेलेली असते. मग पोरगा स्वतःहून साडेपाचलाच पेपर देऊन टाकतो. केंद्रप्रमुखांनी वसतिगृहात एका रात्रीची सोय केली, तर हे टळते.

वर्गातल्या सोयींना प्रमाणपत्राची वाट पाहायची गरज नाही. झेरॉक्सची झेरॉक्स देऊ नका, 14 आकाराच्या ठळक टाइपात मोकळ्या ओळींच्या नोट्स द्या. फळ्याचा फोटो आणि तासाचे रेकॉर्डिंग घेऊ द्या. मोबाइल मराठी मजकूर वाचून दाखवतो, ते कसे सुरू करायचे तेवढे एकदा दाखवा. ज्याचे आकडे सरकतात त्याला चौकटीची वही द्या. प्रॅक्टिकल रेकॉर्ड तीन-तीनदा उतरवून आणायची शिक्षा तर बंदच करा, त्यातून शिकणे काही होत नाही, फक्त रात्री जातात. नव्या शैक्षणिक धोरणात अंतर्गत मूल्यमापनाचे लेखी काम वाढले आहे, पण ते महाविद्यालयाच्याच हातात असते. त्यातल्या एका लेखी असाइनमेंटऐवजी तोंडी परीक्षा घ्यायचे प्राचार्यांनी मनावर घ्यावे.

यंदाच्या अकरावीचे श्रुतलेखन गणपतीच्या सुटीआधी उरकले, तर दिवाळीच्या सुटीत रुग्णालयाच्या फेऱ्या होतील आणि बारावीच्या परीक्षेचा अर्ज भरताना कागद हातात असेल.

आपले,
कनिष्ठ महाविद्यालयांतील काही प्राध्यापक व विशेष शिक्षक, विदर्भ