एकच विमान पडद्यावर दोन का दिसते?

संपादक महोदय,

लष्करी विमाने-जहाजे ज्यावरून एकमेकांना माहिती कळवतात, त्या ‘लिंक-१६’ या रेडिओ जाळ्याच्या बातम्यांत कौतुक होते ते वेगाचेच. या जाळ्यात सेकंदाचे १२८ भाग पाडलेले असतात, एकेक ७.८१२५ मिलिसेकंदांचा. नेमून दिलेल्या भागातच बोलायचे, एरवी ऐकायचे. घड्याळ सरकले किंवा संदेश उलगडण्याची सांकेतिक किल्ली कालची राहिली, की तो गडी जाळ्याबाहेर! पण खरी डोकेदुखी वेगळीच. एकाच विमानाची खबर देणाऱ्या दोन जहाजांपैकी एकानेही स्वतःचे स्थान चुकीचे कळवले, तर ते विमान पडद्यावर दोन ठिकाणी उमटते. म्हणून ज्याची रडारची पकड सर्वांत पक्की, त्यानेच त्या विमानाची खबर द्यायची, असा नियम आहे. क्षितिजापलीकडे संदेश पोहोचवायला मध्ये दुसरे विमान ठेवावे लागते, आणि तेच संदेश पुन्हा पाठवण्यात आणखी भाग खर्ची पडतात.

– एक वाचक