ब्लॉक परत पाठवणाऱ्या तात्यांना

आदरणीय तात्या,

सप्रेम नमस्कार.

पत्र तुम्हाला आहे, पण चारचौघांनी वाचावं म्हणून उघडच लिहितोय. फोनवर तुमचं बोलणं दोन वाक्यांत आटोपतं. तुमच्या बोअरिंगच्या दुकानात येऊन आभार मानावेत तर लेथ चालू असतो आणि "आरं, त्यो पाना दे हिकडं" एवढ्यावर माझं भाषण बंद पडतं. शिवाय मिरज, तासगाव, कवठेमहांकाळ भागातली पोरं सध्या यामाहाच्या जुन्या आरएक्स मोटारसायकली शोधत हिंडतायत. माळावर पळवायला हलकी टू-स्ट्रोक हवी, बाहेरून आलेली डर्ट बाइक आवाक्यात नाही, मग आरएक्स घ्यायची आणि तिलाच डर्ट बाइक करायची, असा सगळ्यांचा हिशेब. माझाही तोच होता. त्यातल्या प्रत्येकाला तुमच्यासारखा माणूस भेटेलच असं नाही. निदान तुम्ही काय केलंत ते तरी त्यांना कळू दे.

सगळ्यात आधी आभार मानायचेत ते तुम्ही माझा ब्लॉक, म्हणजे इंजिनचा सिलिंडर, परत पाठवलात त्याचे.

गाडी तुम्हाला पाठ आहे, वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. यामाहा आरएक्स १००. आपल्याकडं १९८५ ते १९९६ या काळात बनली. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, बोअर, म्हणजे सिलिंडरच्या भोकाचा व्यास, ५० मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, तीही ५०च. आधीच्या मालकानं ती डर्ट ट्रॅकसाठी पार सोलून काढलेली. दिवे, इंडिकेटर, साइड पॅनेल गायब. पुढचं मडगार्ड टायरपासून वीतभर वर, आडवी दांडी असलेलं रुंद हँडल, मागं मोठी चकती आणि बटन टायर. सायलेन्सरची पुंगळी, म्हणजे आवाज दाबणारी आतली नळी, अर्थातच काढलेली. कागदपत्रं मात्र नीट होती. तुम्ही सांगितल्याप्रमाणे इंजिन नंबर आणि चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल फिरवली आणि दोन्ही ठसे आरसी बुकाशी ताडून पाहिले. आरएक्सला आज जो भाव चाललाय तो बघता, फोटोवर भाळून इसार देण्याआधी ही पेन्सिल प्रत्येकानं फिरवावी.

मालकानं एक गोष्ट लपवली नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा ही गाडी गावभागातल्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. धोक्याची पातळी ४५ फूट. म्हणजे गाडी किती पाण्यात होती ते सांगलीकराला वेगळं सांगायला नको. पूर ओसरल्यावर धुतली, तेल बदललं, किक मारली, चालू झाली. नंतर कधीतरी इंजिन सीझ झालं, म्हणजे पिस्टन सिलिंडरला धरून अडकला. एका गॅरेजवाल्यानं नवा पिस्टन आणि नवी ऑइल सीलं टाकून दिली. थोडी पळाली आणि परत सीझ. तिथून ती कोपऱ्यात गेली, ती थेट माझ्याकडं आली.

मी ब्लॉक आणि पिस्टन पिशवीत घालून तुमच्याकडं आणला. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून पिस्टन खिडकीपाशी नेलात. माथ्यावरचा ५० चा, म्हणजे ०.५० चा, शिक्का बघितलात, म्हणजे ब्लॉक आधीच अर्धा मिलिमीटर वाढवून झालेला. मग तर्जनी बोअरमध्ये घालून हळूहळू गोल फिरवलीत. तुमच्याच मिरजेत सतारमेकर गल्लीत जवारी लावणारे, म्हणजे तारेचा नाद जुळवणारे, कारागीर तारेखाली दोरा सरकवताना असेच गप्प होतात. एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे होते, पिस्टनचं ॲल्युमिनियम लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, फासलं गेलेलं. इनटेकची बाजू मात्र जवळजवळ कोरी.

"कशानं धरला?" तुम्ही विचारलंत.

"तेल कमी पडलं असंल," मी म्हणालो.

"तेल कमी पडलं आस्तं तर चारीबाजूनं खाल्लं आस्तं. हे गरम हून धरल्यालं हाय. ब्लॉक मी आत्ता मारून देतो, पैसं घेतो, पण तू परत हितंच येशील. आदी कारन हुडकून आन, मग बोअर."

आणि ब्लॉक परत पिशवीत. समोर आलेलं काम, तेही रोख पैशाचं, असं परत करणारा माणूस मला तरी दुसरा भेटलेला नाही.

मोकळ्या हातानं मात्र पाठवलं नाहीत. फडताळातून बीपी मोजायचं जुनं यंत्र काढून दिलंत, घड्याळासारख्या तबकडीचं. मिरजेत वानलेस हॉस्पिटल १८९४ पासून उभं आहे, गल्लोगल्ली दवाखाने आहेत, तेव्हा असलं यंत्र तुमच्या फडताळात निघालं याचं नवल नाही. त्यानं इंजिन तपासता येतं, हे मात्र मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

फोर-स्ट्रोकवाल्यांसाठी एवढं सांगायला हवं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टननं फिरणारा क्रँक जिथं असतो त्या खालच्या पेटीत, शिरतं आणि तिथून वर सिलिंडरमध्ये ढकललं जातं. त्यामुळं क्रँककेस हवाबंद पाहिजे. क्रँकच्या दोन टोकांना दोन ऑइल सीलं असतात, त्यातलं एक जरी गळलं तरी इंजिन तिथून जादा हवा ओढतं. कार्ब्युरेटरला याचा पत्ताच नसतो, तो आपला नेहमीचंच पेट्रोल देत राहतो. मिश्रण पातळ होतं, पिस्टनचा माथा तापतो आणि आधीच सगळ्यात गरम असलेल्या एक्झॉस्टच्या बाजूनं पिस्टन फुगून लायनरला धरतो. कितीही नवे पिस्टन घाला, गळती आहे तोवर तेच होणार.

घरी जाऊन तुम्ही सांगितलं तसंच केलं. जुना ब्लॉक परत चढवला. एक्झॉस्टच्या तोंडावर ट्यूबचा तुकडा आणि त्यावर पट्टी आवळली, इनटेकला रबरी बूच, बुचातून नळी, नळीला बीपीचा फुगा. काटा ३०० वर नेला. तिथं तबकडी संपते, आणि मोटारसायकलच्या भाषेत ते सहा पीएसआयच्या आसपास येतं. अशा तपासणीला तेवढंच लागतं, जास्त दाब दिला तर चांगलं सीलही जागेवरून उठतं. निरोगी इंजिनात काटा काही मिनिटं तरी जागचा हलायला नको. आमचा काटा बघता बघता खाली आला. मॅग्नेटो, म्हणजे ठिणगीची वीज बनवणारं चाक, काढून डाव्या सीलभोवती ब्रशनं साबणाचं पाणी लावलं तर तिथं फेस. बारीक, एकसारखा, सीलच्या खालच्या अर्ध्या कडेनं. इतके दिवस ऐकीव असलेला रोग डोळ्यांनी दिसला.

पण सील तर नवं होतं. इथं माझी गाडी अडली आणि तुम्ही म्हणालात, "सील नव्हं, क्रँक बघ." इंजिन उघडलं. पुराचं पाणी केसमध्ये जिथं साचून राहिलं होतं तिथं बेअरिंगला गंज धरलेला, आणि सीलचा ओठ क्रँकच्या ज्या पट्ट्यावर टेकतो तिथं सुईनं टोचल्यासारखे बारीक खड्डे. नखाला लागायचे, डोळ्याला दिसायचे नाहीत. त्यावर कितीही नवं सील बसवलं तरी हवा त्या खड्ड्यांतून जाणारच.

इथं कुणीही नवा क्रँक आण म्हणाला असता. मीही मनाची तयारी केली होती. तुम्ही क्रँक लेथवर धरलात, अगदी बारीक पॉलिश पेपर तेलात भिजवून त्या पट्ट्यावर फिरवलात, पण खड्डे घालवायच्या नादाला लागला नाहीत. "घासत बसलो तर माप जाईल," म्हणालात. मग व्ही ब्लॉकवर डायल लावून क्रँक सरळ आहे ना ते बघितलंत, कनेक्टिंग रॉड वरखाली हलवून खुळखुळ नाही याची खात्री केलीत, आणि नवं सील नेहमीच्या जागेपेक्षा मिलिमीटरभर बाहेर बसवायला सांगितलंत. म्हणजे ओठ खड्ड्यांवर न टेकता शेजारच्या कोऱ्या पोलादावर टेकेल. सीलला जागेत तेवढी सवलत होती. बेअरिंगं आणि दोन्ही सीलं नवी घालून केस बंद केली, काटा पुन्हा ३०० वर नेला, आणि मी चहा पिऊन आलो तरी तो तिथंच होता.

मग तुम्ही बोअरला हात लावलात. तोही पिस्टन हातात आल्यावर. ०.७५ चा, म्हणजे तेवढे मिलिमीटर वाढीव, पिस्टन आणायला लावलात, मायक्रोमीटरनं त्याचा स्कर्ट, म्हणजे खालचा घेर, मोजलात आणि त्यावरून बोअरचं माप काढलंत. "खोक्यावरचं माप खोक्याला," हे वाक्य मी आमच्या द्राक्षफवारणीच्या ब्लोअरवाल्या फिटरलाही ऐकवलंय. वर, मधे, खाली, आडवं आणि उभं अशी बोअरची मापं घेऊन खडूनं पाटीवर लिहिलीत. ९८ सीसीची गाडी आता १०१ ची झालीय, आरसी बुकाला सांगू नका. यापुढं १.०० चा एकच पिस्टन शिल्लक, म्हणजे हा ब्लॉक जपूनच वापरायचा.

होनिंगनंतर, म्हणजे बोअर दगडानं घासून झाल्यावर, पोर्टच्या धारदार कडा तुम्ही हातानं मारल्यात ते मी शेजारी उभा राहून बघत होतो. टू-स्ट्रोकच्या लायनरला खिडक्या असतात, रिंग प्रत्येक फेऱ्याला त्यांच्यावरून जाते. कड धारदार राहिली तर रिंग अडकून तुटायची. याच कारणानं पिस्टनच्या खाचेत बारीक खिळी असते, रिंगचं तोंड तिच्यापाशीच राहावं आणि फिरत फिरत खिडकीत जाऊ नये म्हणून. बसवताना तोंड खिळीवर आलं नाही आणि जोर केला तर रिंग गेलीच. पिस्टन रॉडला जोडणाऱ्या गजन पिनचं सर्क्लिप, म्हणजे ती अडवणारी तारेची कडी, लावताना क्रँककेसच्या तोंडात चिंधी कोंबायला तुम्ही लावलीत. ते सर्क्लिप खरोखर उडालं आणि चिंधीवर पडलं. आत पडलं असतं तर केस परत उघडायची पाळी होती.

एका बाबतीत आपलं जमलं नाही आणि अजूनही जमलेलं नाही. ऑटोल्यूबचा, म्हणजे इंजिनाला आपोआप तेल देणारा, पंप परत बसव, असं तुमचं म्हणणं. आधीच्या मालकानं तो काढून टाकला होता आणि मी तसाच राहू दिला. पेट्रोलमध्ये मिसळून तेल दिलं की उतारावर थ्रॉटल बंद असताना इंजिन फिरतं भरपूर पण पेट्रोल जातं थोडं, म्हणजे तेलही थोडंच, हा तुमचा मुद्दा बिनतोड आहे. पण आमच्या पड रानात एवढा लांब उतार नाही, आणि इतक्या जुन्या पंपाची नळी कधी हवा धरेल ते कळत नाही. फवारणीच्या पेट्रोल पंपामुळं आम्हा द्राक्षवाल्यांना लिटरमागं तेल मोजून घालायची सवय आहे. लिटरला ३० मिली घालतो, धूर थोडा जास्त, चालतंय. मिसळलेलं पेट्रोल टाकीत ठेवून मात्र देत नाही. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढतं. ऊस आपल्याच कारखान्यांचा, त्यामुळं तक्रार तरी कुणाकडं करायची?

गाडी चालते, तात्या. तुम्ही सांगितलं तशी पहिल्यांदा नुसती गरम करून बंद केली, पूर्ण गार होऊ दिली, परत तसंच. हेडचे नट गार असताना पुन्हा आवळले. सुरुवातीला अर्ध्याच्या वर थ्रॉटल दिला नाही. प्लग काढून बघितला तर चॉकलेटी, कडेनं किंचित ओलसर. मग द्राक्षाच्या खरड छाटणीची धांदल उरकल्यावर पिकअपमध्ये घालून सासऱ्यांच्या मुरमाड रानात नेली. रस्त्यावर काढत नाही, दिवे नसलेली गाडी रस्त्यावर काढायची नसते. तिसऱ्या गिअरमध्ये एक ठरावीक आवाज येतो, त्याच्या पुढं थ्रॉटल दिला की पुढचं चाक हलकं होतं. पुंगळी मी परत बसवलीय. ती काढली की जोर वाढतो, ही पोरांची समजूत आहे. वाढतो तो आवाज, आणि शेजारच्या गोठ्यातल्या म्हशी बिथरतात ते वेगळंच.

पैशाचं बोलायचं राहिलं. तुम्ही बोअरिंग आणि होनिंगचे घेतलेत. क्रँक तपासायचे, सील बाहेर बसवायची युक्ती सांगायचे, माझ्या पन्नास प्रश्नांचे काहीच घेतले नाहीत. "त्येचं काय घ्याचं," म्हणालात. ठीक आहे. पुढच्या हंगामात बेदाण्याची पेटी दुकानावर येईल, ती मात्र परत पाठवायची नाही.

वहिनींना नमस्कार सांगावा.

आपला,
तासगावकडचा आरएक्सवाला

ता. क. मॅग्नेटोचा पुलर अजून माझ्याकडंच आहे. बीपीचं यंत्रही आहे, पण ते सध्या कवठ्याच्या एका पोरानं नेलंय. त्याचीही आरएक्सच, आणि त्याचाही पिस्टन एक्झॉस्टच्या बाजूनंच धरलाय. बोअर करायला निघाला होता, मी त्याला थांबवलाय.