डॉ. ॲरन बेक यांचे स्मरण

महोदय,

१ नोव्हेंबर हा अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ डॉ. ॲरन बेक यांचा स्मृतिदिन. २०२१ मध्ये, शंभरी पूर्ण करून ते गेले. रशियातून अमेरिकेत आलेल्या ज्यू आईवडिलांचा हा मुलगा पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मनोविकारशास्त्राचा प्राध्यापक झाला.

नैराश्य म्हणजे स्वतःवर उलटलेला राग, हा मनोविश्लेषणाचा सिद्धान्त पुराव्यानिशी सिद्ध करायला ते निघाले होते. रुग्णांच्या स्वप्नांत मात्र त्यांना राग नव्हे, तर हरल्याची, नाकारले गेल्याची भावना आढळली. बेक यांनी सिद्धान्त सोडला, रुग्णांचे ऐकले. त्यातूनच आजची सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे विचार आणि वागणे तपासून बदलण्याची उपचारपद्धती) उभी राहिली. १९६१ची त्यांची २१ प्रश्नांची नैराश्य-मापनसूची अजूनही जगभर वापरली जाते.

मला मोठी वाटते ती त्यांची रुग्णाशी बोलण्याची रीत. ‘तुमचा विचार चुकीचा आहे’ असे ते ठणकावत नसत. त्या विचाराला आधार काय, हे रुग्णासोबत बसून तपासत. किती आदर आहे यात! नव्वदी ओलांडल्यावरही स्किझोफ्रेनियाने एकाकी पडलेल्या रुग्णांसाठी ते काम करत राहिले.

आपल्याकडे समुपदेशनाचे वर्ग वाढत आहेत. तिथे सीबीटीच्या तक्त्यांबरोबर बेक यांचे चरित्रही शिकवावे, ही विनंती.

– एक समुपदेशक, ठाणे