मंत्रिमहोदय, पोरांचे ठसे परत करा

मा. मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

गेल्या वर्षी वाशीतल्या एका चित्रप्रदर्शनाची फीत कापताना आपण म्हणालात, ‘मुद्राचित्रं करणाऱ्या मुलांना हक्काची जागा देतो.’ मुद्राचित्रं म्हणजे ठसा कोरून त्यावरून छापलेली चित्रं. टाळ्या मीही वाजवल्या. जागा राहिली बाजूला, पोरांकडे जे होतं तेही परवा रात्री उचलून नेलं.

तुर्भे एमआयडीसीतला त्यांचा गाळा आपण पाहिलेला नाही, म्हणून सांगतो. पूर्वी तिथे लग्नपत्रिका छापायचे. स्क्रीनची टेबलं त्यांचीच, शाईचा वासही त्यांचाच म्हणा. दोरीवर चिमटे लावून छाप वाळत घातलेले. प्रेस घ्यायला पैसे नाहीत, म्हणून लिनोवर, म्हणजे लिनोलियमच्या कोरलेल्या तुकड्यावर, रोलरने शाई फिरवायची, वर कागद ठेवायचा आणि चमच्याच्या पाठीने घासायचं. लिनोवर अक्षरं उलटी कोरावी लागतात. ‘प्रकल्पग्रस्त’ उलटं कोरून बघा एकदा, साहेब. जोडाक्षरातला एक सांधा तुटला की अख्खा ठसा वाया.

भिंतीवर चित्रकार चित्तप्रसाद. 1943 च्या बंगालच्या दुष्काळावरची त्यांची पुस्तिका इंग्रजांनी जाळली होती. शेजारी मेक्सिकोतल्या वाहाकाचा एक छाप. तिथे 2006 मध्ये शिक्षकांचा संप चिघळला तेव्हा चित्रकारांनी एकत्र येऊन भिंतीच हातात घेतल्या. पोरांचा स्वतःचा ठसा होता जानेवारी 1984 चा. जमिनीच्या मोबदल्यासाठी उरण भागात पाच जण गोळीबारात गेले, त्यांचा. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्या रक्तातून आली, हे आज इथल्या टॉवरमध्ये राहणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे?

तोच छाप एका भुयारी मार्गात मैद्याच्या खळीने डकवत होते. सरकारी गाडी आली. कागद फाडले, ठसे जप्त केले, पोरांना पहाटेपर्यंत बसवून ठेवलं. का, तर 1995 चा मालमत्ता विद्रूपीकरणाचा कायदा. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. कायदा मान्य. पण त्याच भुयाराच्या तोंडाशी आपल्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता, आजही आहे. फोटो छान आलाय. नाक्यापासून स्टेशनपर्यंत असे पन्नास तरी असतील, जास्तच. उच्च न्यायालयाने 2017 मध्येच बेकायदा होर्डिंगवरून कान उपटले होते. 2024 मध्ये घाटकोपरला 120 फुटी होर्डिंग कोसळून 17 माणसं गेली. मैद्याच्या खळीने अजून कोणी मेल्याचं ऐकिवात नाही.

दुसऱ्या दिवशी मी ठसे मागायला सरकारी कचेरीत गेलो. उभी हयात चित्रकला शिकवण्यात गेली, गुडघे कामातून गेलेत, लिफ्ट बंद. तिथले साहेब मीटिंगमध्ये. बाकड्यावर दुपार काढली. शेवटी एक कारकून म्हणाला, ‘काका, तुम्ही कोण त्यांचे? अर्ज इनवर्डला टाका.’ पोरांचा सर, म्हटलं. हसला. त्या हसण्याने रात्रभर झोप नाही, रक्तदाबाची गोळी वाढली. हे आपल्याला लिहून काय उपयोग म्हणा.

याच शहरात स्वच्छ सर्वेक्षणासाठी भिंतीवर फ्लेमिंगो रंगवले की ते सुशोभीकरण. खरे फ्लेमिंगो 2024 मध्ये नेरुळच्या डीपीएस तलावापाशी मेले. भिंतीवरचे ठणठणीत आहेत, बिलंही निघाली असतील. 2009 चा शिक्षण हक्क कायदा म्हणतो, सहावी ते आठवीच्या शाळेत पट शंभरावर असेल तर कलेला अर्धवेळ तरी शिक्षक हवा. जाऊन बघा किती शाळांत आहे. मी निवृत्त झालो तेव्हा माझा तास गणिताच्या बाईंना दिला. चित्र काढणारा मुलगा आधी शाळेत नकोसा करायचा आणि तरीही तो उरला, तर रस्त्यावर पकडायचा. सरकार कोणाचंही येवो, यात खंड नाही.

ठसे परत करा, जसेच्या तसे. ते कोरायला महिना लागलाय. प्रत्येक नोडमध्ये, म्हणजे वाशी-नेरुळसारख्या प्रत्येक वसाहतीत, एक भिंत परवानगीशिवाय वापरू द्या. जागेच्या शब्दाचं काय झालं, ते लेखी कळवा. ‘योग्य कार्यवाहीसाठी पुढे पाठवले’ एवढंच लिहिणार असाल, तर तिकीट वाया घालवू नका.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक
कोपरखैरणे, नवी मुंबई