ओंजळ म्हणालीस तेव्हा मी गप्प का बसले

संगमनेर,
रविवार सकाळ

चि. सौ. प्रवरास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू विचारलंस, "आई, मुलगी झाली तर ओंजळ नाव कसं वाटेल?" आणि मी काहीच बोलले नाही. तू म्हणालीस, "नाही ना आवडलं?" आणि लगेच डॉक्टरांच्या तारखेवर गेलीस. मला नाव आवडलं नाही म्हणून मी गप्प बसले नव्हते गं. तुझ्या नावाच्या वेळचं सगळं एकदम समोर उभं राहिलं आणि ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून आज चहा झाल्यावर कागद घेऊन बसले आहे.

तू झालीस 1993 च्या एप्रिलमध्ये. उन्हाळी आवर्तन सुटलं होतं, म्हणजे शेतीसाठी पाटाला पाणी सोडलं होतं, आणि माझे आबा पाटकरी, ते पाणी शेतोशेती वाटून देणारे, असल्यामुळे तुला बघायला तीन दिवस उशिरा आले. पाटाला पाणी असलं की त्यांना रात्र आणि दिवस सारखेच. आले ते गुडघ्यापर्यंत चिखलाचे. तुला हातात घेताना म्हणाले, "पाणी पाटाच्या टेलपर्यंत, पार शेवटाला पोचलं, आणि ही पोचली." तुझं नाव माझ्या मनात तेव्हाच ठरलं. प्रवरा. ज्या नदीच्या पाटावर आबांनी जन्म काढला, जिच्या पाण्यावर आमच्या घरची चूल पेटली, तिचं नाव.

सासरी सांगितलं तर सगळे बघतच राहिले. भटजींनी पत्रिका मांडली होती. हस्त नक्षत्र, पहिला चरण, अक्षर आलं पू. (हस्ताची चार अक्षरं पू, ष, ण आणि ठ. पहिलं निघालं हे बरं झालं, ण वरून कुणी काय नाव ठेवावं?) तुझ्या आजीने पूजा ठरवून टाकलं होतं. मी तेव्हा शाळेत शिकवत होते, माझ्या एकाच वर्गात तीन पूजा होत्या. हजेरी घेताना पूजा म्हटलं की तिघी एकदम "हजर" म्हणायच्या. माझी मुलगी चौथी व्हायला नको होती. शेवटी पत्रिकेत पूर्णिमा लिहिलं आणि हाक मारायचं नाव माझ्यावर सोडलं. बाराव्या दिवशी कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या झालं, आत्याने तुझ्या कानात कुर्रर्र केलं, आणि नाव सांगितल्यावर तिच्या पाठीत धपाटे घालायला आलेल्या बायकांचे हात वरच थांबले. "काय म्हणाली? प्रवरा? कारखान्याचं नाव?"

तसं म्हणणाऱ्यांचं फारसं चुकत नव्हतं. आपल्या भागात प्रवरा म्हटलं की नदीच्या आधी लोणीचा साखर कारखाना डोळ्यांपुढे येतो. 1950 साली विठ्ठलराव विखे पाटलांनी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगिळांना बरोबर घेऊन उभा केलेला तो कारखाना शेतकऱ्यांच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट होती. पण लहान मुलीला वर्गात "ए कारखाना" अशी हाक ऐकावी लागते, तेव्हा त्या मोठेपणाचा तिला काय उपयोग?

मला धीर कुठून आला तेही सांगते. इरावती कर्वे 1905 साली ब्रह्मदेशात जन्मल्या आणि तिथल्या इरावती नदीवरून त्यांचं नाव ठेवलं, हे मी डी. एड. ला असताना वाचलं होतं. त्या काळी कुणी परमुलखातल्या नदीचं नाव मुलीला दिलं, मग मला माझ्या दारातल्या नदीचं का देता येऊ नये, असं वाटलं होतं.

आणखी एक कारण होतं, ते तुला मी कधी नीट सांगितलेलं नाही. माझं माहेरचं नाव हौसा. माझ्या आजीचं नाव, हौसेने ठेवलेलं. लग्नात ताटात तांदूळ पसरले, तुझ्या बाबांच्या हातात अंगठी दिली आणि त्यांनी लिहिलं सुनंदा. हौसा जुनाट वाटतं, असं ठरलं होतं. मला कुणी विचारलं नाही आणि मीही काही बोलले नाही, तेव्हा बोलायची रीतच नव्हती. पण बावीस वर्षं ज्या हाकेला मी ओ दिली, ती हाक एका दुपारी संपली. आबा गेल्यावर तर हौसा म्हणणारं कुणीच उरलं नाही. त्यामुळे माझ्या मुलीला असं नाव द्यायचं की ते पुसावंसं कुणाला वाटू नये, हे मनात पक्कं होतं. तुझ्या लग्नात जावईबापूंनी स्वतःच सांगितलं की तांदळाचं ताट नको. त्या दिवशी मला किती बरं वाटलं ते त्यांना अजून माहीत नसेल. त्यांना हे पत्र वाचायला दे.

आता जे सांगायला बसले ते लिहिते.

तू पाचवीत होतीस. तुझ्या दप्तरात मला एक वही सापडली. कव्हरवर तुझ्याच अक्षरात नाव होतं, प्रिया. दुसरी उघडली, तीही प्रिया. चित्रकलेची, गणिताची, सगळ्या वह्यांवर. बाईंना तू सांगितलं होतंस की घरी प्रियाच म्हणतात. मी तुला विचारलं, तू खाली बघत राहिलीस, आणि मी तुझ्या पाठीत एक धपाटा घातला. "तुला इतकं चांगलं नाव ठेवलं आणि तुला लाज वाटते?" असं ओरडले. तू रडली नाहीस. ते मला आजही आठवतं.

बाई, मी चुकले. नाव ठेवण्यात नाही चुकले. चुकले ते पुढच्या दहा वर्षांत. दहा वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर एक अवघड नाव ठेवून मी माझ्या कामाला लागले होते. ते नाव कुठून आलं, का आलं, हे मी तुला एकदाही सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, नाव इतकं सुंदर आहे, ते तिला आपोआप कळेल. दवाखान्याच्या कागदावर प्रविरा लिहिलं गेलं होतं, शाळेच्या दाखल्यावर परवरा झालं, कुणी प्रवीणा म्हणायचं, आणि ही सगळी दुरुस्ती तू एकटीने करत होतीस. रोज, वर्गात, रिक्षात, स्नेहसंमेलनाच्या यादीत. मी मात्र नाव वेगळं ठेवल्याच्या आनंदात होते.

हे आबांना कळलं. ते काही बोलले नाहीत. पुढच्या आवर्तनाला आले आणि तुला सायकलवर पुढे बसवून ओझरच्या बंधाऱ्यावर घेऊन गेले. मी मागून एस.टी.ने पोचले तेव्हा तुम्ही दोघं कठड्याजवळ उभे होतात. आबा हाताने दाखवत होते, "हे पाणी भंडारदऱ्यावरून आलं. त्याच्याही वर रतनगड, तिथं ती उगवते. इथं बघ, एक पाट डाव्या अंगाला जातो, एक उजव्या. इथून खाली जेवढं हिरवं दिसतंय, ते सगळं हिच्यामुळे. आता सांग, तुझं नाव काय?" तू हळूच म्हणालीस, "प्रवरा." आबा म्हणाले, "पाण्याचा आवाज आहे, मोठ्याने सांग." मग तू ओरडलीस. त्या दिवाळीत आपण नेवाशालाही गेलो, ज्ञानेश्वरांनी 1290 साली ज्ञानेश्वरी सांगितली ते गाव याच नदीच्या काठी आहे हे तुला दाखवायला. ज्ञानेश्वर ज्याला टेकून बसले असं म्हणतात, त्या पैस खांबाला टेकून तू बराच वेळ बसली होतीस. पण खरं काम ओझरलाच झालं होतं. परत आल्यावर सगळ्या वह्यांची कव्हरं तू स्वतः बदललीस.

म्हणून काल मी गप्प बसले. ओंजळ हे नाव कसं आहे, यापेक्षा ते घेऊन चालणाऱ्या पोरीबरोबर तुम्ही दोघं किती चालणार आहात, हा विचार माझ्या मनात आला.

आता नावाबद्दल म्हणशील तर ओंजळ मला आवडलं. मनापासून. अर्घ्य देताना ओंजळ, फुलं वाहताना ओंजळ, तहान लागली की ओंजळ. पण त्यात ळ आहे. इंग्रजीत ळ ला वेगळं अक्षर नाही, हिंदी बोलणारे ओंजल म्हणणार, आणि तुझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीसुद्धा तेच म्हणतील. ते चालणार असेल तर ठेवा, नाहीतर मुलीला पहिल्या दिवसापासून तोंडात ळ बसवून द्या. आणि एकदा गॅलरीत उभी राहून खाली खेळणाऱ्या मुलीला बोलवावं तशी मोठ्याने हाक मारून बघ. ळ वर आवाज लांबवता येत नाही, म्हणजे तिची ओंजू होणार हे धरूनच चाल. तुझी परू झाली होती की नाही?

मुलगा झाला तर शिवार म्हणालीस. फार देखणा शब्द आहे तो. पण गावाकडे पहिल्यांदा ऐकणारा जलयुक्त शिवार म्हणणार, जसा माझ्या वेळी कारखाना म्हणाला. तुम्हाला त्याची फिकीर नसेल तर मलाही नाही. त्याला शेतात नेऊन दाखवता येईल असं नाव आहे ते.

तुझ्या यादीतली बाकीची दोन-तीन नावं मात्र मला पटली नाहीत, स्पष्ट सांगते. अर्थ विचारला तर तू म्हणालीस, "नेटवर देवीचं नाव असं दिलंय." कुठल्या देवीचं? कुणाच्या तोंडी? बत्तीस वर्षं मी हजेरी घेतली. आधी सुनीता, अनिता, संगीता होत्या, मग पूजा, प्रियंका, स्नेहल आल्या, मग साक्षी, श्रावणी, नंतर आरोही, स्वरा. प्रत्येक वेळी आईबापांना वाटायचं की आपण वेगळं नाव शोधलं. चार वर्षांत ते गल्लीत तिसरं निघायचं. कुणाकडे नाही म्हणून शोधलेलं नाव टिकत नाही, कारण तसंच शोधणारे शंभर असतात. ज्याच्यामागे तुमच्या घरातलं काही आहे, ते दुसऱ्या शंभरांनी ठेवलं तरी तुमचंच राहतं.

सासूबाई नाराज आहेत, म्हणालीस. लोक नावं ठेवतील, असं त्यांना वाटतं. त्यांच्याशी भांडू नकोस. आपल्याकडे नाव जपण्यासाठीही असायचं. माझ्या एका चुलत्याचं नाव दगडू, कारण त्यांच्याआधीची दोन बाळं गेली होती आणि दृष्ट लागू नये म्हणून दगडासारखं नाव ठेवलं. आणि मुलगी नको होती म्हणून नकुशा ठेवलेल्याही मी पाहिल्या. 2011 मध्ये साताऱ्यात जिल्हा परिषदेने अडीचशेहून जास्त नकुशांची नावं बदलली, ते वाचून मी शाळेत मुलींना वर्तमानपत्र दाखवलं होतं. नाव ठेवणाऱ्याच्या मनात जे असतं, ते पोरांना जन्मभर वागवावं लागतं. तुमच्या मनात काय आहे ते सासूबाईंना शांतपणे सांग. त्या ऐकतील. नाहीच पटलं तर त्यांच्या आवडीचं नाव पत्रिकेत घाला, माझ्या वेळी तेच केलं होतं.

घाई करू नका. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण नावाचा रकाना तेव्हा मोकळा ठेवता येतो. वर्षाच्या आत नाव घातलं तर शुल्क नाही, पुढे विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत घालता येतं. दवाखान्यातून सुट्टी मिळण्याच्या गडबडीत कुणाला तोंडी सांगू नका, कागदावर मराठीत आणि इंग्रजीत स्वतः लिहून द्या. हल्ली शाळेपासून पासपोर्टपर्यंत सगळीकडे तोच दाखला लागतो. एक मात्रा चुकली की काय होतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

आणि दाखल्याचं निघालंच आहे म्हणून. 1 मे 2024 पासून आपल्याकडे सरकारी कागदावर आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव लिहितात. काल रात्री मी वहीच्या मागच्या पानावर लिहून बघितलं. ओंजळ प्रवरा. शिवार प्रवरा. नुसती ही दोन नावं पुन्हा पुन्हा लिहीत बसले. पाचवीतल्या त्या वह्यांवरून तू जे खोडलं होतंस, ते तुझ्या बाळाच्या प्रत्येक प्रमाणपत्रावर असणार.

शेवटी काय ठरवाल ते मला आधी सांगू नका. बारशाला तुझ्या नणंदेच्या तोंडूनच ऐकेन. घुगऱ्यांचे हरभरे मी इथूनच आणते, तिकडचे नीट शिजत नाहीत. बाळ चार महिन्यांचं झालं आणि तेव्हा पाटाला पाणी असलं, तर आपण तिघं ओझरला जाऊ.

औषधं वेळेवर घे. जावईबापूंना आशीर्वाद, सासूबाईंना नमस्कार सांग.

तुझी,
आई